जुन्या खुर्चीला घरीच नवं कापड: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत गेली काही वर्षं मी जुन्या खुर्च्या उघडते, दुरुस्त करते आणि पुन्हा मढवते. देवगड, रत्नागिरी, अलिबागहून, आणि गावच्या घरातली खुर्ची मुंबईला नेलेल्यांकडूनही, मला तेच तेच प्रश्न येतात. आपल्याकडे खुर्ची वरून झिजायच्या आधी आतून दमट होऊन बिघडते. म्हणून इथली बरीच उत्तरं कापडापेक्षा कापडाखालच्या थरांबद्दल आहेत.

१. मी आयुष्यात कधी हातोडा धरलेला नाही. मला जमेल का?

जमेल, फक्त सुरुवात योग्य खुर्चीपासून करा. जेवणाच्या टेबलाची, बैठक सुटी निघणारी खुर्ची सगळ्यात सोपी. खुर्ची उलटी करा. बैठकीखाली चार कोपऱ्यांत चार स्क्रू दिसले, तर ते काढल्यावर बैठकीची फळी हातात येते. अशी एक बैठक नवख्या माणसाची एका दुपारी होते. पाठीलाही गादी असेल तर दोन-तीन दिवस धरा. आत स्प्रिंगा असलेली खुर्ची पहिल्यांदाच हातात घेऊ नका (प्रश्न १९).

२. गणपतीआधी खुर्च्या नव्या करायच्या आहेत. जुलैत सुरू केलं तर चालेल?

नको. चाकरमानी यायचे असतात, ओटीवर चार बऱ्या खुर्च्या हव्यात, हे मला कळतं. दर आषाढात हा प्रश्न येतो आणि दर वेळी मी हेच सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, काथ्या आणि कापूस ओलावा धरून बसलेले असतात. अशा वेळी वरून कापड ताणून बंद केलं की ती ओल तुम्ही स्वतःच्या हातानं आत कोंडता.

दिवाळी ते मिरग हा कामाचा काळ. त्यातही मला मार्च-एप्रिल आवडतात. भराव तीन-चार दिवस कडक उन्हात पडतो आणि चौकट पडवीच्या सावलीत, वाऱ्यावर सुकते. पॉलिश केलेली चौकट मात्र भर उन्हात ठेवू नका, सांधे उलतात. गणपतीची फारच निकड असेल तर सध्या नाड्यांचं सुटं कव्हर शिवून घाला आणि मुख्य काम नंतर करा.

३. कोणती हत्यारं लागतील?

हातानं दाबायची स्टेपलर गन, ८ ते १० मिलिमीटर लांबीच्या पिना, जुना बोथट स्क्रूड्रायव्हर, पक्कड, छोटा हातोडा, मोठी कात्री, टेप आणि खडू. एवढ्यात पहिली खुर्ची होते. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजलेली पिन उपटताना तुटून उडते. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं, तेही आठवून ठेवा.

४. जुनं कापड न काढता त्यावरच नवं लावलं तर काय होईल?

दिसायला पहिले काही महिने काहीच होणार नाही. पण आतल्या कापडाचा घाम, धूळ, बुरशी, कधी ढेकूण, सगळं आत राहील. शिवाय बैठक पेलणाऱ्या खालच्या नवारीच्या पट्ट्या कुजल्या आहेत की नाही, हे तुम्हाला कळणारच नाही.

काढताना घाई करू नका. जो थर शेवटी लावला होता तो आधी निघतो. आधी खालचं धूळकापड, मग पाठीचं मागचं कापड, मग पाठ, हात आणि शेवटी बैठक. प्रत्येक थर काढण्याआधी फोटो काढा. काढलेल्या तुकड्यावर खडूनं 'पुढची बाजू', 'डावा हात' असं लिहा आणि तुकडे फेकू नका. नवं कापड बेतायला त्यांच्याइतका चांगला नमुना दुसरा मिळत नाही.

मागच्या वर्षी माझ्याकडे एका जुन्या घरातली शिसवी खुर्ची आली होती. वर मरून रेक्झिन, त्याखाली फुलाफुलांचं चीट, त्याखाली मांजरपाट, मग पिवळट कापसाचा थर, गोणपाट आणि सगळ्यात खाली काथ्या. रेक्झिन कडक होऊन तडकलं होतं, चीट बोटाला लागताच फाटत होतं. काथ्या मात्र मुठीत दाबून सोडला की अजून उसळत होता. कोणता थर किती टिकतो, हे शिकायला अशी एक खुर्ची उघडून पाहावी.

५. आतला काथ्या आणि कापूस काढून सरळ फोम घालावा का?

काथ्या चांगला असेल तर माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजवून, कुटून काथ्या काढतात. जो तंतू खाऱ्या पाण्यात कुजत नाही तो आपल्या हवेत सहज टिकतो. त्याच्या धाग्यांमधून वाराही खेळता राहतो. साध्या पाण्यात धुवा, दोन दिवस उन्हात पसरा, बोटांनी विंचरून मोकळा करा आणि पुन्हा भरा. मुठीत दाबल्यावर चुरा पडला तर मात्र बदला.

कापसाचं वेगळं. गोळे झाले असतील तर पिंजाऱ्याकडून पिंजून घ्या. डाग किंवा कुबट वास असेल तर सरळ टाकून द्या. ढेकणांचा संशय असेल तर कापूस वाचवू नका, नुसत्या उन्हानं ते खात्रीनं मरत नाहीत.

उशांसाठी आपण सावरीचा कापूस वापरतो, तो चालेल का असंही विचारतात. पाठीला चालेल. बैठकीला नाही, वजनाखाली तो चेपतो आणि परत फुगत नाही.

मला आवडणारी बैठक म्हणजे खाली काथ्या, त्यावर इंचभर फोम आणि वर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर.

६. बसलं की बैठक खाली जाते. फोम जाड केला की नीट होईल का?

नाही. ती तक्रार फोमची नसते, खालच्या नवारीच्या पट्ट्यांची असते. खुर्ची उलटी करून पट्ट्या बोटांनी दाबा. झोपाळ्यासारख्या सैल असतील तर सगळ्या बदला, एक-दोन नकोत.

दोन-अडीच इंची सुती नवार घ्या. टोक इंचभर दुमडून चार-पाच चुका (छोटे खिळे) ठोका. त्या एका ओळीत ठोकू नका, नागमोडी ठोका, नाहीतर लाकूड त्या रेषेत चिरतं. दुसऱ्या बाजूला पट्टी लाकडाच्या ठोकळ्याभोवती गुंडाळा, ठोकळा चौकटीच्या कडेला टेकवून खाली दाबा आणि त्या ताणातच चुका मारा. उभ्या पट्ट्या झाल्या की आडव्या त्यांतून एक वर, एक खाली अशा चटईसारख्या विणा. दोन पट्ट्यांत दोन-तीन बोटांचं अंतर पुरे. नीट ताणलेल्या पट्टीवर टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज येतो. तो येईपर्यंत पुढे जाऊ नका.

७. दुकानदार '३२ डेन्सिटी, ४० डेन्सिटी' म्हणतात. कोणता फोम घ्यावा?

हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन. तो कडकपणा सांगत नाही, मुख्यतः टिकाऊपणा सांगतो. बैठकीला ४०, पाठीला ३२ घ्या. मऊ की कडक, ते दाबून ठरवा.

आकड्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा काटा वापरा. १८ बाय १८ इंच, २ इंच जाडीचा ४० डेन्सिटीचा तुकडा साधारण ४२५ ग्रॅम भरतो, तेवढाच ३२ चा ३४० ग्रॅम. ४० म्हणून दिलेला तुकडा २५० ग्रॅम भरला तर तो परत द्या.

जेवणाच्या खुर्चीला २ इंच पुरतो, आरामात बसायच्या खुर्चीला ४ इंच. फोम फळीपेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा कापा, म्हणजे कडा भरीव आणि गोल येतात. कापायला पावाची दातेरी सुरी चांगली. न दाबता, लांब लांब हात मारत कापा.

८. ओल येऊ नये म्हणून फोमखाली प्लास्टिक घातलं तर?

कृपा करून घालू नका. हे मी स्वतः करून पाहिलं आहे. सासऱ्यांच्या खुर्चीला चांगलं व्हावं म्हणून फोमच्या खाली प्लास्टिकचा कागद अंथरला. श्रावणात खुर्चीजवळून जाताना ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. उघडून बघितलं तर प्लास्टिकवर पाण्याचे थेंब आणि फोमच्या तळाला काळ्या ठिपक्यांची बुरशी. माणूस बसतो तेव्हा अंगाची ऊब आणि घाम खाली उतरतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. प्लास्टिक नेमकी तीच वाट बुजवतं.

बैठक अखंड प्लायची असेल तर तिला अर्ध्या इंचाची सहा-आठ भोकं पाडा. तळाला प्लास्टिकऐवजी वारा जाणारं धूळकापड लावा, साधं मांजरपाटही चालतं.

९. कापड कोणतं घ्यावं? रेक्झिन पुसायला सोपं, मग तेच का नको?

सोफ्यासाठीचं जाड विणीचं, पॉलिएस्टर मिसळलेलं कापड घरातल्या खुर्चीला सगळ्यात बिनघोर. निव्वळ सुती कापड अंगाला छान, पण बुरशी त्याला लवकर धरते. घ्यायचंच तर आधी धुऊन वाळवा, मगच कापा, म्हणजे पुढे आटणार नाही. कापड उजेडासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर ते पडद्याचं आहे, बैठकीचं नाही. दुकानात घर्षण-चाचणीचा मार्टिनडेल आकडा लिहिलेला असेल तर घरच्या रोजच्या वापराला १५,००० ते २५,००० पुरतो.

रेक्झिनवर एप्रिलच्या दुपारी घाम चिकटतो, तरी दवाखान्यात किंवा लहान मुलांच्या घरात मी त्याला नाही म्हणत नाही. पण चामड्यासारखं दिसणारं, मऊ, पॉलियुरेथेनचा थर असलेलं कापड आपल्याकडे नको. दमट हवेत तो थर विघटित होतो आणि काही वर्षांत खपल्या पडायला लागतात. कितीही जपलं तरी ते थांबत नाही, कारण ते झिजणं नसून हवेचा परिणाम आहे.

१०. किती मीटर कापड आणू?

बैठकीच्या मापात दोन्ही बाजूंची फोमची जाडी मिळवा आणि खाली दुमडायला दोन्ही बाजूंना २-२ इंच धरा. १८ इंचाची बैठक आणि २ इंच फोम असेल तर १८ + ४ + ४ = २६ इंच. म्हणजे एका बैठकीला २६ बाय २६ चा तुकडा. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच असतो, त्यात दोन बैठका शेजारी शेजारी बसतात. सहा खुर्च्यांना तीन वेळा २६, म्हणजे ७८ इंच, जवळपास २ मीटर. सव्वादोन आणा.

मोठी फुलं किंवा पट्टे असतील तर हा हिशोब चालत नाही. फूल प्रत्येक बैठकीच्या मधोमध यायला हवं, त्यामुळे निदान एका नक्षीइतकं कापड प्रत्येक तुकड्यामागे जास्त लागतं. सगळं कापड एकाच ताग्यातून, एकदमच घ्या. मागाहून आणलेल्या तुकड्याचा रंग थोडा तरी वेगळा निघतो.

११. मी लावलेल्या कापडाला सुरकुत्या पडतात आणि कोपरे फुगतात. कुठे चुकतंय?

तुम्ही बहुतेक एका कोपऱ्यापासून सुरुवात करता आणि एक बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळता. तसं नको.

कापड उलटं अंथरा, त्यावर फोम आणि त्यावर फळी. उभा धागा पुढून मागे जायला हवा. मखमल असेल तर हात पुढे फिरवताना लव बसली पाहिजे. पुढच्या बाजूच्या मधोमध एक पिन. मग मागच्या बाजूला कापड ताणून मधोमध एक, तसंच डावी-उजवीकडे. आता फळी उलटून बघा, पट्टे सरळ आहेत का? नसतील तर चारच पिना उपटायच्या आहेत. असतील तर मधल्या पिनेच्या दोन्हीकडे दोन-दोन पिना, पुन्हा समोरच्या बाजूला तेवढ्याच, असं आळीपाळीनं कोपऱ्यांकडे सरका. कोपऱ्याच्या दोन इंच अलीकडे थांबा.

कोपऱ्यात आधी कापडाचं टोक फळीच्या मध्याकडे ओढून एक पिन मारा. दोन्ही बाजूंना उरलेला फुगवटा दुमडून, पत्राचं पाकीट बंद करतो तशी घडी घाला. घडी खुर्चीच्या बाजूला आली पाहिजे, समोरून दिसायला नको. आतलं जादा कापड कापल्याशिवाय कोपरा सपाट बसत नाही, पण पिनेपासून अर्धा इंच सोडूनच कात्री लावा.

ताण किती? तळहात फिरवला तर कापड सरकू नये, आणि फोमची कड दबून धारदार दिसू नये.

१२. दोन वर्षांत खिळ्यांभोवती तांबडे डाग आले. काय करू?

समुद्राजवळ हे होणारच. हवेतलं मीठ साध्या लोखंडाला सोडत नाही. किनाऱ्यापासून जवळ राहत असाल तर पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. शोभेचे गोल डोक्याचे खिळे घ्यायचे तर अस्सल पितळी, पितळी मुलामा दिलेले लोखंडी नकोत. दुकानात लोहचुंबक घेऊन जा. चिकटला तर खिळा लोखंडी.

पांढऱ्या सुती कापडावरचा गंजाचा डाग लिंबूरस आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यानं फिका होतो. रंगीत कापडावर हे करू नका, रंगही जाईल.

१३. पावसाळ्यात कापडावर पांढरी बुरशी येते. उपाय?

खुर्ची बाहेर नेऊन कोरड्या ब्रशनं झाडा, ऊन पडेल तेव्हा वाळवा, मग स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. आधी आतल्या बाजूला रंग जातो का पाहा. चिऱ्याच्या भिंतीपासून खुर्ची हातभर दूर ठेवा. घर बंद करून मुंबईला जाणार असाल तर खुर्चीवर प्लास्टिक नको, जुनी सुती चादर टाका आणि पायांखाली लाकडाचे तुकडे सरकवा.

१४. आमच्या खुर्चेक भुंगो लागलो हा, खाली पिठी पडता. टाकून देवक व्हयी काय?

नाही हो, आधी भुंगा अजून आत आहे का ते पाहा. पिठी झाडून टाका, खुर्चीखाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर हलवू नका. कागद स्वच्छ राहिला तर भुंगा बहुधा निघून गेलाय, ती जुनी भोकं आहेत. ताजी पिठी दिसली तर सगळं कापड उतरवा आणि उघड्या लाकडाला बोरिक पावडर व टाकणखार गरम पाण्यात विरघळवून दोनदा ब्रशनं लावा. भोकांत सिरिंजनं सोडा. पॉलिश किंवा रंग असलेल्या भागावर हे आत मुरत नाही. पूर्ण वाळल्याशिवाय मढवू नका.

सागाचा गाभा सहसा वाचतो, कडेचं फिकट लाकूड खाल्लं जातं. बैठकीच्या चौकटीत स्क्रूड्रायव्हर सहज घुसत असेल तर ती पट्टी सुताराकडून बदलून घ्या, तिच्यात पिन धरणार नाही. पिठीऐवजी मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. मग प्रश्न खुर्चीचा नसून घराचा आहे.

१५. चौकट हलते आणि जुना रंगही काढायचा आहे. मढवण्याआधी की नंतर?

आधी. जुन्या खुर्च्या सरसानं जोडलेल्या असत आणि सरस उष्णता व ओलीनं मऊ पडतो. सैल सांधा पूर्ण उघडा, जुना सरस खरवडा, लाकडाचा डिंक लावा आणि चौकटीभोवती दोरी गुंडाळून तिच्यात काठी घालून पीळ द्या. चोवीस तास तसंच ठेवा. सांध्यात खिळा ठोकू नका, पुढे तो सांधा दुरुस्त होत नाही.

रंग काढताना एक काळजी घ्या. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपेक्षा कमी असावं, हा आपल्याकडचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. पाणी लावून घासा, मास्क घाला, मुलांना आणि गरोदर बाईला तिथून दूर ठेवा.

१६. आजीची नऊवारी किंवा सोलापुरी चादर खुर्चीला लावता येईल?

चादर येईल. ती जाड सुती असते, पण वीण कडेला सुटते. कापल्याबरोबर कडा शिवून घ्या आणि आधी मांजरपाटानं बैठक मढवून मग ती वर लावा.

नऊवारीबद्दल मी थोडी हट्टी आहे. जुनं लुगडं बैठकीवर दोन-तीन वर्षांतच विरेल आणि ते परत मिळणार नाही. त्याला मागून मांजरपाट शिवा आणि पाठीच्या मागच्या बाजूला लावा, जिथे कोणी टेकत नाही. काठ वरच्या कडेला येईल असं बेता. पाठ ओटीच्या दाराकडे ठेवली तर घरात येणाऱ्याला आधी तो काठच दिसतो.

१७. वेताची विणलेली बैठक फाटली आहे. तिच्यावर फोम मढवू का?

मढवू नका. चौकटीच्या कडेनं भोकांची ओळ असेल तर ती हातानं विणलेली बैठक आहे. त्या कडेत पिना मारल्या की भोकांमधलं लाकूड फुटतं आणि पुन्हा विणता येत नाही. भोकांऐवजी अखंड खाच असेल तर विणलेली जाळी विकत आणून, पाण्यात भिजवून, खाचेत बसवता येते. वाळताना ती आपोआप ताणली जाते. मऊ हवं असेल तर नाड्यांची सुटी गादी करा (थर प्रश्न ५ प्रमाणे).

१८. कॅनव्हासच्या आरामखुर्चीचं माप कसं घ्यायचं?

जुन्या कापडावरूनच, पण ते ताणलेलं असतं म्हणून लांबी दीड-दोन इंचांनी कमी धरा. कॅनव्हास आधी धुवा. दोन्ही लांब कडांना कापडाचे मूळ काठ ठेवा, कापलेली कड नको. दांडी जाते त्या नेफ्याला पॉलिएस्टर दोऱ्याची तिहेरी शिलाई घाला. सुती दोरा आधी कुजतो आणि माणूस धाडकन खाली येतो. बसण्याआधी दोघांनी मिळून कापड हातांनी जोरात दाबून पाहा.

१९. आत स्प्रिंगा आहेत. घरी हात घालू का?

स्प्रिंगांवरची सुतळी शाबूत असेल तर त्यांना न हलवता वरचे थर तेवढे बदला. सुतळी कुजली असेल तर प्रत्येक स्प्रिंग पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि दोन्ही तिरप्या दिशांनी शेजारणीला बांधावी लागते, सगळ्यांची उंची सारखी ठेवून. हे काम जुन्या कारागिराच्या शेजारी बसून एकदा बघा, मग करा. सुतळी कापायची वेळ आलीच तर एका हाताचा तळवा स्प्रिंगेवर दाबून ठेवा, चेहरा बाजूला घ्या आणि दाब हळूहळू सोडा. नवी बांधणी पॉलिएस्टरच्या जाड दोरीनं करा. तागाची सुतळी दमट हवेत कुजते, आणि एक गाठ सुटली की शेजारच्या स्प्रिंगा तिरप्या होऊन वरचं गोणपाट आतून फाडत जातात.